कुंपणापलीकडची शिंक

आमची नात लिअ‍ॅन लग्न करून टास्मानियाला गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न सप्टेंबरात होतं, इथे थंडी सरत येते तेव्हा. फुटबॉलचा अंतिम सामना अजून व्हायचा होता आणि सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर हात चोळत उभं राहावं एवढा गारवा होता. पाद्री अंगठ्यांना आशीर्वाद देत होते, सगळं शांत होतं, आणि मला शिंक आली. एकामागून एक येतच राहिली. मागच्या बाकावरून माझ्या थोरल्या भावाने, करमनुने, तशाच शिंकांनी उत्तर दिलं. लोक हसले, जाळीआड लिअ‍ॅनसुद्धा हसली. माझी बायको चेन्सा हिने मला कोपराने ढोसलं आणि कानात म्हणाली, "सर्दी झालीय तर घरी सांगायचंस ना, मोठा रुमाल दिला असता." पण ती सर्दी नव्हती. सर्दी डोक्यात भरते. गवताची शिंक टाळूपासून सुरू होते. आधी टाळूला खाज, मग कानाच्या आत, बोट पोहोचत नाही तिथे, मग डोळ्यांच्या कोपऱ्यात. ही खाज मला नोव्हेंबरात भेटायची, सगळं शहर काम टाकून घोड्यांची शर्यत बघतं त्या मंगळवारच्या आसपास. इतक्या वर्षांत ती कधी लवकर आली नव्हती. मी तोंडावर रुमाल दाबून उभा होतो, समोर नात नव्या माणसाचा हात धरून उभी होती, आणि मला वाटत होतं की आपल्या घरात कुणीतरी दार न वाजवता शिरलंय.

महिने आधी शरीराला कळतात. मला अक्षरं फार उशिरा आली, नातवंडं शाळेत जायला लागल्यावर. तोवर भिंतीवरचं कॅलेंडर मी चित्रांसाठीच बघायचो. पण नोव्हेंबर आला हे मला कुणी सांगावं लागलं नाही. ते नाक सांगायचं. कारखान्यात माझ्या शेजारच्या यंत्रावरचा माणूस म्हणायचा, "विस्तिन शिंकला, चला, घोड्यावर पैसे लावायची वेळ झाली." आम्ही शेतीची यंत्रं बनवत असू, गवत कापायची, बांधायची, आणि त्या गवताने मला दरवर्षी गाठावं याची मला गंमतच वाटायची. मेलबर्नच्या पश्चिमेला, जिथे तेव्हा शहर संपून माळ सुरू व्हायचा, तिथे आम्ही दोघा भावांनी शेजारीशेजारी घरं घेतली आणि मधल्या कुंपणाला एक दार ठेवलं. आम्ही जिथून आलो त्या गोझो बेटावरच्या माणसाला अंगणात ससे लागतातच. सशांना गवत लागतं. रुळांच्या कडेला रायग्रास नावाचं गवत कमरेएवढं वाढायचं, फुकटचं. कामावरून आल्यावर करमनु विळ्याने कापायचा आणि मी पोत्यात भरायचो. पोतं खांद्यावर घेतलं की तुऱ्यांतून पिवळट धूळ उडून मानेवर बसायची. ती आम्ही झटकायचो, शिंकायचो, हसायचो. घरी आल्यावर तो आपल्या अंगणात शिंकला की मी कुंपणाच्या अलीकडून "एव्हिव्हा!" म्हणून ओरडायचो, मी शिंकलो की तो ओरडायचा. आमच्याकडे शिंकेला असंच उत्तर देतात. आईला उत्तर न मिळालेली शिंक आवडायची नाही. कुणी एकटा शिंकला तर ती चुलीपाशी असली तरी तिथून ओरडायची.

लग्नानंतरच्या रविवारी डोरिस, आमची मुलगी, जेवायला आली. ती औषधांच्या दुकानात काम करते आणि माणसाकडे आधी बघते ते डोळे लाल आहेत का म्हणून. चेन्साने ससा शिजवला होता, लसूण आणि दारू घालून. करमनु कुंपणाच्या दारातून आला तोच नाक पुसत. नीना, त्याची बायको, गेल्यापासून तो रविवारी आमच्याकडेच जेवायचा. मी डोरिसला म्हटलं, "सप्टेंबरात शिंका. म्हातारपणी नाकसुद्धा वाट चुकायला लागलं माझं."

"नाक नाही चुकलं पा, गवतच लवकर आलंय," डोरिस म्हणाली. "या वर्षी थंडी पडलीच कुठे? त्याला ऊब मिळाली, पाऊस मिळाला, की ते फुलतं. ते काय कॅलेंडर बघून फुलतं? आमच्याकडे लोक ऑगस्टपासून गोळ्या न्यायला लागलेत. आणि पूर्वी नाताळाला संपायचं, आता संपतच नाही."

"म्हणजे आता गवतालाही डोरिसनेच गोळी द्यायची," करमनु म्हणाला.

"काका, हसताय कसले? तुमच्या छातीत शिट्टी वाजतेय. मला इथे ऐकू येतेय."

"शिट्टी कुठली! मागून रेल्वे जातेय."

"मग ही रेल्वे तुम्ही श्वास सोडलात की मगच का जाते?"

चेन्सा इतकी हसली की तिला हातातला चमचा खाली ठेवावा लागला. डोरिसने पिशवीतून दम्याच्या औषधाचे दोन निळे पंप काढले, एक माझ्यापुढे ठेवला, एक त्याच्यापुढे. मी माझा उचलला आणि खिशात टाकला. करमनुने त्याचा बोटाने हळूच ढकलत टेबलाच्या मधोमध नेला, मिठाच्या बरणीपाशी.

"घे ना रे," चेन्सा म्हणाली. "दातांची कवळी घेतलीस तेव्हा कुठे लाज वाटली?"

"कवळी खायला घेतली. श्वास घ्यायला माणसाला हत्यार लागत नाही. हे असलं सगळं फुटक्या भात्यांसाठी." त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला.

फुटका भाता म्हणजे मी. गोझोत प्रत्येकाला एक टोपणनाव चिकटतं आणि ते थडग्यापर्यंत सोबत येतं. मला ते चिकटलं त्याची गोष्ट करमनु कुणालाही सांगायचा, बससाठी शेजारी उभ्या असलेल्या परक्या बाईलाही. या देशात यायचं तर तेव्हा आमच्या राजधानीत, व्हॅलेटाला जाऊन तपासणी करून घ्यावी लागायची. एका उंच छताच्या खोलीत आम्ही कमरेपासून वर उघडे, रांगेत. भिंती ओल्या, पाय फरशीवर गार. डॉक्टरने करमनुच्या पाठीला नळी लावली, दोनदा टिचकी मारली आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाला. दुभाष्याने सांगितलं, छाती घंटेसारखी खणखणीत आहे. मग माझी पाळी. नळी माझ्या पाठीवर एका जागी थांबली, परत फिरली, परत त्याच जागी आली. अजूनही कधी अंघोळ करताना गार पाणी पाठीवर पडलं की ती जागा मला सापडते. लहानपणी मला दमा होता, मळणीच्या दिवसांत आई मला छपरावर बसवून ठेवायची. मी डॉक्टरला सांगितलं नव्हतं, पाठीने सांगितलं. करमनु जहाजावर चढला आणि मी धक्क्यावर राहिलो. मला येऊ दिलं ते पुढे, दुसऱ्या तपासणीत शिट्टी वाजली नाही तेव्हा. करमनु इथे मला बंदरावर घ्यायला आला तेव्हा त्याच्या अंगावर नवा कोट होता. त्याने माझ्या छातीवर मूठ आपटली आणि म्हणाला, "आला का फुटका भाता!" मला राग आला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. पण मला आता वाटतं, एखाद्या माणसाला तारुण्यात कुणी सांगितलं की तुझी छाती घंटेसारखी आहे, आणि त्या एका शब्दावर त्याला अख्खा देश मिळाला, तर तो माणूस पुढे त्या छातीतून दुसरा कुठलाही आवाज ऐकणार नाही. ऐकला तर त्याला वाटेल आपल्याला परत पाठवतील. करमनुला नागरिकत्व मिळून किती वर्षं झाली होती. तरी त्याला तसं वाटत असणार. आम्ही यावर कधी बोललो नाही.

ऑक्टोबरभर पाऊस पडत राहिला, मध्येमध्ये कोवळं ऊन, आणि रुळांकडेचं गवत मी कधी पाहिलं नव्हतं असं वाढलं. सशांसाठी आता फार गवत लागत नव्हतं, करमनुकडे चारच ससे उरले होते, पण तो जायचा. मी त्याच्याबरोबर जायचं थांबवलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला तो परत येताना दिसायचा, पोतं खांद्यावर, कोपऱ्यावरच्या खांबाला एक हात लावून उभा. बुटाची नाडी बघतोय असं दाखवायचा. मग पुन्हा चालायचा. दुपारी अंगणातून त्याच्या शिंका यायच्या, मी "एव्हिव्हा" म्हणायचो, आणि मग कान देऊन बसायचो, कारण शिंकांच्या मागे आणखी एक बारीक आवाज असायचा, रिकाम्या बाटलीत वारा शिरल्यासारखा. तो मला ओळखीचा होता. मळणीच्या दिवसांत छपरावर बसून मी तोच आवाज आतून ऐकायचो. आपल्या शरीरातला जुना आवाज दुसऱ्याच्या शरीरातून ऐकणं विचित्र असतं. मला दया आली नाही, भीती वाटली. ते आपलंच काहीतरी होतं आणि त्याच्याकडे चुकून गेलं होतं.

इथल्या उन्हाळ्याचं एक आहे. उत्तरेकडून वाळवंटाचा वारा येतो तेव्हा सगळी गल्ली घरं बंद करून बसते. पडदे ओढलेले, दारांना फटींपाशी टॉवेल. दिवसभर माणसं आपापल्या अंधारात घाम पुसत बसतात आणि वाट बघतात ती दक्षिणेच्या वाऱ्याची. रेडिओवर सांगतात की तो समुद्रावरून निघालाय, जिलाँगला पोहोचलाय. आणि मग तो येतो. एका क्षणात लिंबाच्या झाडाची पानं उलटी होतात, आणि सगळ्या गल्लीत जाळीची दारं धडाधड उघडतात, खिडक्या वर जातात, माणसं अनवाणी बाहेर येतात. ग्रीक, व्हिएतनामी, आम्ही, सगळे. पुढच्या हिरवळीवर खुर्च्या टाकतात. कुणाशी फारसं न बोलणारा माणूससुद्धा त्या वेळी हात उंच करून ओरडतो, "आला!" आम्हाला हे नवीन नव्हतं. गोझोतही आफ्रिकेकडचा वारा सुटला की आई घर बंद करायची आणि वायव्येचा वारा लागला की एकेक खिडकी उघडत जायची, देवघरातली मेणबत्ती विझली तरी चालेल म्हणायची. दोन्ही देशांतली माझी सगळ्यात जुनी सुखाची आठवण हीच आहे, बंद घर उघडल्याची. मी आणि करमनु आमच्या दोन खुर्च्या त्याच्या हिरवळीवर मांडायचो, कारण त्याच्या घरापुढे वारा आधी लागायचा. नीना होती तेव्हा ती सगळ्या खिडक्या उघडायची आणि मग दारात उभी राहून पदराने वारा घेतल्यासारखं एप्रनने घ्यायची. ती गेल्यावर त्याने तिचं ते काम स्वतःकडे घेतलं. सगळ्या खिडक्या, माळ्यावरचीसुद्धा.

नोव्हेंबरातला तो गुरुवार तसाच होता. सकाळपासून उत्तरेचा वारा, आकाशाचा रंग जुन्या पत्र्यासारखा. दुपारी डोरिसचा दुकानातून फोन आला. "पा, नीट ऐक. संध्याकाळी वारा फिरेल तेव्हा गडगडाट येणार आहे. सगळ्या माळावरची गवताची धूळ, पराग म्हणतात ते, त्या वाऱ्यासोबत येते, पावसाने फुटून बारीक होते, सरळ छातीत उतरते. ज्यांना दमा नाही, नुसत्या शिंका आहेत, त्यांनासुद्धा गाठते. खिडक्या उघडायच्या नाहीत. छतावरचा थंड हवेचा पंखा बंद कर, तो बाहेरची हवा ओढतो. आणि काकांना आत घे, काहीही करून."

मी कुंपणाच्या दारातून गेलो. करमनु स्वयंपाकघरात बनियनवर बसला होता, रेडिओ लावून. त्याच्या समोर बडीशेपेचं बिस्किट होतं, न खाल्लेलं.

"जिलाँगला आलाय," तो म्हणाला.

मी डोरिसचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मान हलवत, पोरं काही सांगतात तेव्हा हलवायचा तशी. मग म्हणाला, "वाऱ्याने माणूस मरतो होय? आईला सांगितलं असतंस तर तिने झाडूने मारलं असतं."

"आमच्याकडे चल. चेन्साने कलिंगड कापलंय. पत्ते खेळू. उद्या उघड खिडक्या, दिवसभर उघड."

"विस्तिन, दिवसभर मी इथे पेटीत घातल्यासारखा बसतो ते कशासाठी? तो एक वारा यावा म्हणून. तो आला की दार लावून घ्यायचं?" तो बोलताना मध्ये थांबत होता, प्रत्येक वाक्यात, आणि थांबला की बिस्किटाकडे बघायचा. "तू बस आत. तुझं बरोबर आहे. तुझी छाती तशी आहे."

मी खिशातला पंप काढून टेबलावर ठेवला. त्याने तो उचलून माझ्या सदऱ्याच्या खिशात परत घातला आणि वरून थोपटलं. "तुझी खुर्ची मांडून ठेवतो," तो म्हणाला. "आलास तर ये."

वारा आला तेव्हा अजून उजेड होता. चेन्सा आणि मी आमच्या पुढच्या खोलीत काचेमागे उभे होतो. लिंबाची पानं उलटली. गल्लीतली दारं धडाधड उघडली, दरवर्षीसारखी, समोरचा व्हिएतनामी शेजारी बायकोला हाक मारत बाहेर आला, पलीकडची ग्रीक म्हातारी पायघोळ झग्यातच आली. आम्ही बंद घरात आमच्याच घामाच्या वासात उभे होतो, आणि माझं सगळं अंग काचेकडे ओढलं जात होतं. माझा हात खिडकीच्या कडीवर होता. चेन्साने त्यावर आपला हात ठेवला. करमनुने माळ्यावरची खिडकी उघडलेली मला दिसली, मग तो बाहेर आला. दोन खुर्च्या मांडल्या. एकीत बसला, बनियन वर ओढून पोट उघडं केलं, तोंड वर केलं. केस उडत होते. तो पंचवीस वर्षांचा दिसत होता. मग माझ्याकडे वळून त्याने शेजारच्या खुर्चीवर तळहात आपटला, ये. मी मान हलवली, नाही. त्याने पुन्हा आपटला. मी पुन्हा मान हलवली. मग त्याने हसून हात झटकला आणि तोंड परत वाऱ्याकडे केलं. त्याने माझ्याकडे बघून केलेली ती शेवटची खूण.

पश्चिमेकडून आकाश काळं होत आलं, मोठे मोठे थेंब पडले, धुळीत खड्डे पडतील एवढे, आणि थांबले. लोक हसत होते. मग समोरची बाई खोकायला लागली. मी करमनुकडे बघितलं. तो पुढे वाकला होता, हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत. दुरून कुणाला वाटलं असतं की म्हातारा गवतात काहीतरी शोधतोय. छपरावर मी तसाच बसायचो. "चेन्सा," मी म्हटलं, आणि तिने माझ्या तोंडावर ओला टॉवेल बांधला. तिने मला अडवलं नाही. मी दार उघडून गेलो.

बाहेरची हवा गार होती, इतकी सुंदर गार, आणि दुसऱ्याच श्वासाला माझी छाती आवळली. करमनुचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. मी पंप त्याच्या तोंडात धरला. "ओढ. आत ओढ. मी दाबतो तेव्हा ओढ." त्याला ते जमेना. त्याने कधी केलंच नव्हतं. तो पाणी प्यायल्यासारखा गिळायचा, आणि औषधाचा फवारा त्याच्या तोंडातून पांढरा बाहेर यायचा. कारखान्यात कुठलंही यंत्र त्याला एकदा दाखवलं की पुरायचं. "पुन्हा," मी म्हणालो, "करमनु, पुन्हा." त्याने माझी मनगटं धरली होती. तो काहीतरी बोलत होता, मी कान जवळ नेला.

"वाजतेय," तो म्हणाला. "ऐकू येतंय का रे?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही वाजत. ओढ."

रुग्णवाहिकेचा फोन लागायला वेळ लागला, सगळ्या पश्चिमेतून एकाच वेळी फोन जात होते. समोरच्या शेजाऱ्याने गाडी काढली, पुढे त्याची बायको खोकत, मागे आम्ही तिघं, करमनु मध्ये. रुग्णालयाच्या दालनात बसायला जागा नव्हती. मी ते कधी विसरणार नाही. तरुण मुलं, ऑफिसच्या कपड्यांतल्या बायका, एक धिप्पाड ट्रकवाला, सगळे पुढे वाकलेले, हात गुडघ्यांवर, खांदे वर. सगळ्या दालनातून तो एकच बारीक आवाज येत होता. शेजारची मुलगी नर्सला सांगत होती, "मला दमा नाही. मला दमा नाही हो." करमनुला आत नेलं तेव्हा एका डॉक्टरने त्याच्या पाठीला नळी लावली. मी दारातून बघत होतो. नळी फिरली, एका जागी थांबली, आणि डॉक्टरने मान वर करून दुसऱ्याला हाक मारली. करमनुच्या तोंडावर मास्क होता, त्याला बोलता येत नव्हतं. पण तो डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघत होता, जसा त्या उंच छताच्या खोलीत बघत होता, ते काय म्हणतायत याची वाट बघत.

आता पुढचा उन्हाळा आलाय. ससे डोरिसच्या ओळखीच्या एका माणसाने नेले. करमनुचं घर अजून विकलं नाही, खुर्च्या मी आत आणून ठेवल्या. या वर्षी शिंका ऑगस्टच्या शेवटीच सुरू झाल्या, आणि मला धक्का बसला नाही. याचंच मला वाईट वाटतं. माणूस सवय करून घेतो. मी सकाळी माझा पंप घेतो, संध्याकाळी घेतो, डोरिसने शिकवलं तसा श्वास धरून ठेवतो. परवा पहिला गरम दिवस होता. संध्याकाळी वारा फिरला, साधाच, त्यात पाऊस नव्हता, गडगडाट नव्हता, डोरिसने फोनवर सांगितलं होतं की आज भीती नाही. गल्लीत दारं उघडली, पण पूर्वीसारखी धडाधड नाही. एकेक. लोक आधी दारात उभे राहून आकाश बघत होते. समोरच्या शेजाऱ्याने बायकोला आत ठेवून स्वतःच नाक बाहेर काढलं.

चेन्सा कडीपाशी उभी होती. "उघडू?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "थोडीशी."

तिने खिडकी चार बोटं उघडली. वारा आला, पडदा हलला, आईच्या घरातल्यासारखा. मी तिथे तोंड नेलं आणि मला शिंक आली. एक, मग दुसरी. सवयीने मी थांबलो, कुंपणाकडे कान करून, आणि चेन्सासुद्धा थांबली. मग तिने "एव्हिव्हा" म्हटलं, जरा मोठ्याने, पलीकडे ऐकू जाईल असं.

माझा थोरला भाऊ करमनु त्या नोव्हेंबरातल्या शनिवारी सकाळी, रुग्णालयात, शुद्धीवर न येता गेला. शुक्रवारी रात्रीपासून त्याचा श्वास यंत्र घेत होतं. त्याच वादळात आमच्या गल्लीतली ग्रीक म्हातारी गुरुवारीच, तिच्या घरापुढच्या हिरवळीवर, गेली होती.